अरुण साधूंमधला बातमीदार

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

राज्यात सत्तेची उलथापालथ सुरू झाली की पत्रकार-कादंबरीकार अरुण साधू यांची आठवण निघते आणि बहुतेक वेळा ती सत्ताकारणावरच्या त्यांच्या 'सिंहासन'पाशीच थांबते. त्यातही १९७७ च्या कादंबरीपेक्षा जब्बार पटेल यांचा १९७९ मधला चित्रपटच लोकांच्या डोळ्यांसमोर असतो, आणि कोणते पात्र कोणत्या पुढाऱ्यावर बेतले आहे याचे तर्क लढवण्यातच चर्चा संपून जाते. हा चित्रपट 'मुंबई दिनांक' या कादंबरीवरही आधारलेला आहे, हे तर अनेकांच्या गावीही नसते. या दोन्ही कादंबऱ्या ज्याच्यामुळे लिहिल्या गेल्या, तो साधूंमधला बातमीदार मागे पडावा, याचे मला फार वाईट वाटते.

१९४१ मध्ये परतवाड्यात जन्मलेल्या साधूंनी 'केसरी'पासून 'टाइम्स ऑफ इंडिया'पर्यंत मराठी-इंग्रजी वृत्तपत्रांत नोकरी केली आणि पुढे 'फ्री प्रेस जर्नल'चे संपादकपद सांभाळले. मंत्रालयातील खलबते, कामगार पुढाऱ्याची ताकद, तस्करांचा पैसा आणि हे सारे जवळून पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस, यांचे एकमेकांत गुंतलेले धागे या कादंबऱ्यांत इतके सहज उलगडतात, ते या कामातून आलेल्या जाणकारीमुळेच. मला स्वतःला मात्र त्यांची 'झिपऱ्या' ही कादंबरी अधिक मोलाची वाटते. लोकल गाड्यांच्या फलाटांवर बूटपॉलिश करणाऱ्या पोरांचे जग त्यांनी ज्या बारकाईने, कुठेही कीव न करता मांडले आहे, ते पाहिले की सत्तेच्या दालनात वावरणाऱ्या या माणसाची नजर फलाटावरही तितकीच स्थिर होती, याची खात्री पटते. चीनच्या क्रांतीवरील 'आणि ड्रॅगन जागा झाला' आणि क्युबावरील 'फिडेल, चे आणि क्रांती' या पुस्तकांत हीच नजर दूरच्या देशांकडे वळलेली दिसते.

पुणे विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाचे प्रमुख म्हणून त्यांनी पुढची पिढी घडवली. २००७ च्या नागपूर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना लाभले. २५ सप्टेंबर २०१७ रोजी ते गेले. आपल्या रविवार पुरवणीने येत्या स्मृतिदिनी त्यांच्या निवडक बातम्या आणि लेख, मूळ तारखांसह आणि आवश्यक तेथे मराठी अनुवाद करून, पुन्हा छापावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक