खुले पत्र : उसाला तोड द्या ती पक्वता पाहून

मा. सहकारमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी मंत्री समितीच्या बैठकीत गाळप हंगामाची तारीख ठरते आणि मग गावोगाव एकच चौकशी सुरू होते, तोडणी मजुरांची टोळी कधी येणार? कांडीत साखर किती भरली आहे, हे तोडणी कार्यक्रम ठरवताना क्वचितच विचारले जाते. उताऱ्याचे, म्हणजे उसातून टक्क्यांत किती साखर निघते याचे, निम्मे गणित तिथेच हुकते.

साखर कारखान्यात तयार होत नाही, ती पानात तयार होते. उसाचे पान हवेतला कार्बन डायऑक्साइड आधी चार कार्बनच्या आम्लात बांधते, शिरांभोवतीच्या पेशींत नेते आणि तिथे मोकळा करते. त्यामुळे साखर बनवण्यासाठी कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या रुबिस्को या विकराभोवती (एन्झाइमभोवती) तो दाटून राहतो आणि चुकून ऑक्सिजन पकडला जाण्याचे प्रमाण फार कमी होते. सोयाबीन किंवा गव्हाला कडक उन्हात हेच नुकसान सोसावे लागते. पण पानाने साखर बनवली तरी कांडीने ती ओढून घ्यायला हवी. दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी उसाचे एकच पान उघडे ठेवून बाकीची पाने झाकली, तेव्हा त्या एका पानाचे प्रकाशसंश्लेषण वाढले, कारण सगळी मागणी त्याच्यावर आली. उलट पानातच साखर साचली की पान आपले काम कमी करते. कांडीत साखर वाहून नेण्यासाठी पालाश (पोटॅश) लागते, आणि खर्च वाचवताना आपल्याकडे पहिली कात्री लागते ती पोटॅशलाच.

आता कांडीत काय चालते ते पाहा. शेंड्याकडच्या कोवळ्या कांड्यांत इन्व्हर्टेज हा विकर जोरात असतो. तो आलेल्या सुक्रोजचे, म्हणजे आपल्या नेहमीच्या साखरेचे, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतो आणि ते वाढीसाठी खर्च होतात. कांडी जुनी होईल तसा हा विकर मंदावतो आणि सुक्रोज साठत जाते. म्हणून एकच ऊस बुडख्याला पक्व आणि शेंड्याला कच्चा असतो. हिवाळ्यात रात्री गार झाल्या की वाढ थंडावते, दिवसा ऊन मात्र स्वच्छ असते, त्यामुळे पानाचे काम चालू राहते आणि उरलेली साखर कांडीत जाते. जानेवारी-फेब्रुवारीत उतारा चढतो तो यामुळे. अशा वेळी उशिरा युरिया टाकला किंवा तोडणीच्या तोंडावर भरपूर पाणी दिले, तर ऊस पुन्हा वाढीला लागतो, पाणकोंब (उशिरा फुटणारे कोवळे फुटवे) येतात आणि साठलेली साखर मोडली जाते. ग्लुकोज-फ्रुक्टोजचे स्फटिक होत नाहीत, ते मळीत जातात. शेतकऱ्याला वजन दिसते, कारखान्याला साखर दिसत नाही. नत्राचा (युरियासारख्या खताचा) शेवटचा हप्ता मोठ्या बांधणीलाच, म्हणजे उसाला मातीची भर देतानाच, संपला पाहिजे, अशी शिफारस आहे ती याचसाठी.

दुसरे टोकही तितकेच वाईट. आडसाली (जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला) ऊस वेळेवर तुटला नाही की तुरा येतो, कांडीला दशी पडते, म्हणजे ती आतून भुसभुशीत होते. एप्रिलच्या उन्हात ऊस स्वतःचीच साखर श्वसनात जाळतो. तोडलेला ऊस 24 तासांत कारखान्याच्या गव्हाणीत (गाळपासाठी ऊस टाकतात तिथे) पडला नाही तर सुक्रोज फुटत जाते, आणि जळीत उसात हे आणखी वेगाने होते. उताऱ्यात अशी 0.5 टक्का घट म्हणजे टनामागे 5 किलो साखर. 5 लाख टन गाळणाऱ्या कारखान्यात ती 2,500 टन होते.

तरीही शेतकऱ्याने पक्वतेची वाट का पाहावी? 2025-26 च्या हंगामासाठी एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये आहे आणि त्यावरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये जादा मिळतात. पण हा उतारा संपूर्ण कारखान्याचा सरासरी धरला जातो. पालाश वेळेवर देणारा, पाणी तोडणारा, पक्व ऊस घालणारा आणि युरियावर वजन फुगवणारा, या दोघांना टनाला एकच दर मिळतो. असा दर ठेवला तर लोक वजनाच्याच मागे लागणार, त्यात त्यांचा दोष नाही. ऑस्ट्रेलियात शेतकऱ्याच्या स्वतःच्या उसातली साखर मोजून पैसे दिले जातात.

आमची मागणी अशी की तोडणी कार्यक्रमात लागण तारखेबरोबर ब्रिक्सची (रसात विरघळलेल्या, मुख्यतः साखरेच्या, टक्केवारीची) नोंद सक्तीची करावी. खर्च फार नाही, प्रत्येक फील्डमनकडे ब्रिक्स मोजणारा एक हँड रिफ्रॅक्टोमीटर पुरे. मात्र तपासणी नीट व्हावी. बांधाकडेचे ऊस सोडून प्लॉटच्या आतले निवडावेत, पाणी दिल्यावर किंवा पावसानंतर लगेच मोजू नये, आणि प्रत्येक उसाचा रस वरच्या, मधल्या व खालच्या कांडीतून वेगवेगळा घ्यावा. मधल्या कांडीत ब्रिक्स 18 च्या पुढे गेला आणि वरचा आकडा खालच्याच्या जवळ आला की ऊस तोडीला आला. वरचा आकडा बराच कमी असेल तर तो प्लॉट मागे ठेवावा. खालचा आकडा वरच्यापेक्षा घसरला तर साखर फुटू लागली आहे, त्या प्लॉटला टोळी आधी द्यावी. हे आकडे शेतकऱ्याच्या मोबाइलवर जावेत, म्हणजे टोळी कोणाकडे आधी गेली यावरून होणारे वादही कमी होतील.

हंगाम लवकर सुरू करायचाच असेल तर सुरुवातीच्या आठवड्यांत को.सी. 671 सारखा लवकर पक्व होणारा ऊस आणि आडसाली तोडावा. को. 86032 आणि फुले 265 या मध्यम-उशिरा पक्व होणाऱ्या जातींच्या सुरू (जानेवारी-फेब्रुवारीतल्या) लागणीला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कोयता लावू नये. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि पाडेगाव संशोधन केंद्र यांच्याकडून विभागवार, जातीवार पक्वतेचे तक्ते घेऊन ते साखर आयुक्तालयाने हंगामाआधी प्रसिद्ध करावेत. आणि निदान काही कारखान्यांत, येत्या हंगामापासून, गव्हाणीआधी प्रत्येक खेपेचा नमुना तपासून शेतकऱ्याच्या स्वतःच्या उताऱ्यावर जादा दर देण्याचा प्रयोग सुरू करावा. एफआरपीची किमान रक्कम त्यात कुणाचीही कमी होऊ नये, ही अट आदेशातच लिहिलेली असावी.

आपले,
ऊस पिकाचे अभ्यासक