आधी झाडाची ओळख, मग रुग्ण

आठवडाभरात वनौषधी-सल्लागार घडवणाऱ्या वर्गांचे कौतुक करणारा आपल्या दैनिकातील लेख वाचून काळजी वाटली. मराठवाड्यात बांधावरच्या कडुलिंबावर चढलेली गुळवेल सर्वांच्या परिचयाची आहे. तरीही तिच्यासारख्याच दिसणाऱ्या, पण खोडावर बारीक गाठी असलेल्या ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’ या वेलीपासून सावध राहण्याची सूचना आयुष मंत्रालयाला २०२२ मध्ये द्यावी लागली. पान, फूल आणि फळ आपापल्या ऋतूत प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय ही ओळख पक्की होत नाही, आणि तोवर शिकणाऱ्याच्या हाती रुग्ण देऊ नये. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याची साखर गुळवेलीने आणखी उतरू शकते, म्हणून चालू औषधांची विचारपूस करून तिची लेखी नोंद ठेवणेही वर्गात शिकवावे. निदान मात्र नोंदणीकृत वैद्यांनीच करावे.

– एक वाचक, अंबाजोगाई