रंजूच्या वाचनालयाला कवी हवाय

प्रिय रंजू,

तुझा लांबलचक व्हॉईस मेसेज दोनदा ऐकला, पहिल्यांदा भांडी घासता घासता ऐकला त्यामुळे कमिटीतल्या भांडणाचा मसालेदार भाग नेमका निसटला. तर एकूण प्रकार असा की वाचनालयाचं शताब्दी वर्ष आलंय, आणि तुमच्यातल्या कुणीतरी कुठेतरी वाचलं की अमेरिकेत म्हणे शहराशहराला पोएट लॉरिएट, म्हणजे अधिकृत नेमलेला कवी असतो, मग आपणही गावाचा कवी नेमू, शाल-श्रीफळ देऊ, पालकमंत्र्यांना बोलवू. आणि तू म्हणालीस थांबा, सुमी तिकडेच असते, तिला विचारते. अगं मी अकाउंट्स बघणारी बाई, कवितेतलं मला कितपत कळतं ते तुला कॉलेजपासून माहितीय! पण लायब्ररीत मी पडीक असते, आणि इथे कॅलिफोर्नियात, सांता क्लारा काउंटीत (काउंटी म्हणजे आपला जिल्हा समज) काउंटीचा एक कवी असतो, शेजारच्या क्युपर्टिनोचा वेगळा असतो, त्यामुळे ही मंडळी काम करताना बघितलीयेत. म्हणून सांगते, शाल-श्रीफळासाठीच नेमायचा असेल तर नका नेमू. उगाच एकाला खूश कराल आणि गावातल्या उरलेल्या सगळ्या कवींशी वैर घ्याल.

वरचा जो देशाचा पोएट लॉरिएट असतो तो सोड. ते पद वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९३७ पासून आहे, वर्षाला ३५,००० डॉलर मिळतात, मोठी नावं असतात, पेपरात फोटो येतो. मजा खाली आहे. राज्य, काउंटी, शहर अशा सगळ्या पातळ्यांवर कवी नेमतात, आणि तुला आवडेल अशी गोष्ट म्हणजे राज्याची पहिली लॉरिएट झाली ती कॅलिफोर्नियात, १९१५ साली, इना कूलब्रिथ, आणि ती बाई ओकलंडची लायब्ररियन होती. वर्षानुवर्षं तेच काम केलं तिने. जॅक लंडन गरीब घरातला पोरगा, तो तिच्याकडे पुस्तकं मागायला यायचा आणि ती त्याला हातात काय द्यायचं ते बरोबर निवडून द्यायची. म्हणजे बघ, या सगळ्याची सुरुवातच तुझ्यासारख्या एका काउंटरमागच्या बाईपासून आहे, हे कमिटीत सांग आणि जरा भाव खा.

पुढे १९९८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने शहराचा पहिला कवी नेमला तो लॉरेन्स फर्लिंगेटी, तो पुस्तकाचं दुकान चालवायचा. लायब्ररियन, दुकानदार, मास्तर, अशीच माणसं या पदावर जास्त शोभतात असं माझं मत झालंय. मोठा कवी असणं आणि लोकांत मिसळता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि स्थानिक पातळीवर दुसरीच जास्त लागते. दोन्ही एकत्र असणारी माणसं विरळा. ग्वेंडोलिन ब्रुक्स तशी होती. १९५० मध्ये पुलित्झर हा इथला मोठा पुरस्कार मिळालेली, तो मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती, १९६८ पासून २००० मध्ये वारेपर्यंत इलिनॉयची लॉरिएट. तिने काय केलं, तर शाळेतल्या पोरांसाठी कवितेची स्पर्धा सुरू केली आणि बक्षिसाचे पैसे स्वतःच्या पर्समधून दिले. शाळेत जायची, तुरुंगात जायची. पुलित्झरवाली बाई चौथीतल्या पोराची कविता नीट वाचून त्याला बक्षीस देतेय, याच्यापुढे कुठला सत्कार समारंभ टिकणार सांग.

आमच्या राज्यात डाना जिओया म्हणून होते, २०१५ ते २०१८. ते कॅलिफोर्नियाच्या ५८ च्या ५८ काउंटींत गेले. यात लॉस एंजेलिस आलं जिथे एक कोट लोक राहतात, आणि अल्पाइन काउंटी पण आली, डोंगरात, सगळी मिळून हजार-बाराशे डोकी, आपल्याकडे एखाद्या वाडीत जास्त निघतील. तिथेही गेले. आणि एकटे बोलून निघून आले असं नाही, त्या त्या गावातले कवी आणि शाळेत कवितापाठाची स्पर्धा जिंकलेली पोरं यांनाही बरोबर उभं करायचे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे बाहेरून पाहुणा आला की गावातले कवी पाण्याच्या बाटल्या लावायला.

आता एक बघितलेलं सांगते. एप्रिल हा इथे कवितेचा महिना असतो, १९९६ पासून पाळतात, आणि त्या महिन्यात बऱ्याच ठिकाणी सिटी काउन्सिलच्या मीटिंगमध्ये लॉरिएटला एक कविता वाचायला लावतात. काउन्सिल म्हणजे आपली नगरपालिकेची सर्वसाधारण सभा समज. मी गेले होते ते आमच्या गल्लीतल्या पार्किंगच्या तक्रारीसाठी. अजेंड्यावर वर कविता आणि तिच्या खालीच पावसाच्या पाण्याच्या गटाराचं टेंडर. माझ्या शेजारी एक म्हातारा फाईल घेऊन बसलेला, शेजाऱ्याच्या झाडावर तक्रार करायला आलेला, कविता सुरू झाली तसा घड्याळ बघायला लागला, जोरात सुस्कारा टाकला. कविता होती इथल्या जुन्या फळबागांवर, कारण हे सिलिकॉन व्हॅलीचं सगळं आता आता आलंय, त्याआधी इथे जर्दाळू आणि प्लमच्या बागाच बागा होत्या आणि फळं डब्यात भरायचे कारखाने, म्हणजे कॅनऱ्या. कवितेत एका रस्त्याचं नाव आलं तसा म्हातारा माझ्याकडे वळला आणि म्हणाला, माझी आई तिथल्या कॅनरीत होती, बोटं कायम चिरलेली असायची तिची. मग गटाराचं टेंडर सुरू झालं तरी तो मला त्या कॅनरीचंच सांगत बसला, वाळवायला पसरलेल्या जर्दाळूंचा वास, शिफ्टचा भोंगा, आणि शेवटी अध्यक्षबाईंनी आम्हाला दोघांना गप्प बसवलं. झाडाबद्दल मात्र नंतर तो तितकाच तावातावाने भांडला हां, कवितेने माणूस निवळतो बिवळतो असं काही मी म्हणत नाहीये.

दुसरं म्हणजे वर्कशॉप. आई इथे आली होती तेव्हा तिला घरात कंटाळा आला म्हणून लायब्ररीत घेऊन गेले. लॉरिएटबाईंनी सगळ्यांना कागद दिले आणि म्हणाल्या, तुम्ही कुठल्या ते लिहा, पण गावाचं नाव न लिहिता, वस्तू लिहा, वास लिहा, घरात कोण काय ओरडायचं ते लिहा. ही युक्ती मूळची जॉर्ज एला लायन या कवयित्रीची, ती केंटकी राज्याची लॉरिएट झाली २०१५ मध्ये तेव्हा तिने तिथल्या १२० काउंटींतून लोकांकडून अशाच कविता मागवल्या होत्या, आता ही युक्ती जगभर शाळांत वापरतात. तर आई म्हणाली मला लिहिता येतं पण मी लिहिणार नाही, खुर्ची टोचतेय. मग थोड्या वेळाने आपली आपण जात्यावरची ओवी म्हणायला लागली. मोठ्याने. माणदेशी हेल काढून. मी लाजेने अर्धी झाले, पण त्या बाईंनी हॉल शांत केला, पूर्ण ऐकून घेतलं, पुन्हा म्हणायला लावलं, आणि मगच मला विचारलं याचा अर्थ काय. एक व्हिएतनामी आजी होत्या, त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी लगेच त्यांच्या भाषेतलं काहीतरी म्हणून दाखवलं. घरी येताना आईचा पहिला प्रश्न, त्या बाईला पगार किती?

मानधन बरेचदा अगदी किरकोळ असतं, कुठे दोनेक हजार डॉलर, कुठे नुसता प्रवासखर्च. मात्र २०१९ पासून अकॅडमी ऑफ अमेरिकन पोएट्स नावाची संस्था मेलन फाउंडेशनच्या पैशातून अशा स्थानिक लॉरिएटांपैकी निवडक लोकांना प्रत्येकी ५०,००० डॉलर किंवा त्याहून जास्त देते, आणि ते नुसते सन्मानाचे नसतात, आपल्या गावात काय काम करणार ते सांगावं लागतं. म्हणून तुम्ही पण पैशाचं आधी बोला, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. कवी माणूस फुकट येतो हे गृहीत धरायची आपल्याकडे फार वाईट सवय आहे. मांडववाल्याला पैसे, माईकवाल्याला पैसे, कवीला नारळ.

सरकारी पद झालं की लफडी पण येतात बरं का. तुझी मावसबहीण राहते ना एडिसनला, त्या न्यू जर्सीत २००२ मध्ये अमिरी बराका हे राज्याचे कवी झाले. त्यांच्या ९/११ वरच्या एका कवितेतल्या ओळींवरून ज्यूविरोधी म्हणून वादळ उठलं, गव्हर्नरने राजीनामा मागितला, ते म्हणाले देत नाही जा. आणि कायद्यात त्यांना काढायची तरतूदच नव्हती! मग काय केलं, २००३ मध्ये विधिमंडळाने पदच रद्द करून टाकलं. तिकडे त्यांच्या नेवार्क शहराच्या शाळा मंडळाने त्यांना आपला कवी म्हणून नेमून टाकलं ते वेगळंच. मला स्वतःला त्या ओळी पटत नाहीत, पण माणूस नको म्हणून खुर्चीच मोडणं हा अजबच न्याय. आपल्याकडे २०१९ ला यवतमाळच्या साहित्य संमेलनात उद्घाटनाला बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांना ऐनवेळी येऊ नका कळवलं होतं ते आठव, म्हणजे तुमच्या कमिटीत काय काय होऊ शकतं याचा अंदाज येईल. कवी निवडायचं काम पालकमंत्र्यांच्या जवळपासही जाऊ देऊ नकोस. वाचनालय, हायस्कूलच्या मराठीच्या बाई, एखादा बाहेरगावचा जाणकार, बास.

तुझे ते कुलकर्णी सर म्हणतील की हे सगळं आपल्याकडे आधीपासून होतंच. खरंय की. अण्णाभाऊ, अमरशेख कामगारांच्या वस्त्यांत डफ घेऊन उभे राहायचे, बापट, विंदा आणि पाडगावकर तिघे मिळून गावोगाव कविता वाचत फिरले, तिकीट काढून लोक ऐकायला बसायचे. पण त्यात आपण ऐकणारे होतो. ऐकायची आपली तयारी चांगली आहे, संमेलनाला तोबा गर्दी होते, चार दिवस दिवाळी आणि पुढच्या वर्षापर्यंत सामसूम. आणि बोलणाऱ्याचं टिपून ठेवणारा कुणी हाताशी असेलच असं नाही. बहिणाबाईंच्या घरात सोपानदेव आणि त्यांचा मावसभाऊ होते म्हणून ती गाणी उरली, १९५२ मध्ये पुस्तक निघालं. जात्यावरच्या ओव्या गी पॉइटव्हॅं आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी खेडोपाडी फिरून गोळा केल्या, लाखाच्या वर भरल्या त्या. मला इथले हे गावकवी आवडतात ते याच्यासाठी, दोन वर्षं ते एक माणूस असतात ज्याचं कामच आहे गावाचं ऐकून घेणं आणि गावाकडून लिहून घेणं. त्याची स्वतःची कविता किती भारी आहे हा नंतरचा प्रश्न.

तर इथे बसून उंटावरून शेळ्या हाकायला मला काय जातंय, पण माझ्या मते मुदत दोन वर्षांची ठेवा आणि तोच माणूस परत नाही, म्हणजे संस्थान होत नाही. अर्ज मागवा, आणि अर्जात कविता दोनच मागा, बाकी विचारा की तुम्ही काय करणार, कुणाकडे जाणार. बाजारपेठेतल्या हमालांपर्यंत जाणार का, एसटी स्टँडवर जाणार का, आणि बायकांना संध्याकाळी सहाला बोलावणार असाल तर त्या येणार कशा, त्यावेळी स्वयंपाक असतो.

टेड कूझर देशाचे लॉरिएट असताना २००५ पासून छोट्या छोट्या पेपरांना दर आठवड्याला एक कविता फुकट द्यायचे, वर दोन ओळी टिपण, हे तर तुमच्या साप्ताहिकाला उद्यापासून जमेल. रॉबर्ट पिन्स्की यांनी, तेही देशाचे लॉरिएट असताना, लोकांना नुसतं विचारलं की तुमची आवडती कविता कुठली आणि का, १८,००० लोकांनी लिहून पाठवलं, पाच वर्षांच्या पोरापासून ९७ वर्षांपर्यंत, आणि त्याचे व्हिडिओ आहेत, एक बांधकाम कामगार व्हिटमन या जुन्या अमेरिकन कवीची कविता वाचतो तो बघच. आपल्या पोस्टमनला विचार आवडती कविता कुठली, नक्की सांगेल, शाळेत पाठ केलेली तरी सांगेल.

आणि बोस्टनचा प्रकार तर तुमच्या पावसासाठीच आहे, तिथे महापालिका आणि मास पोएट्री या संस्थेने २०१६ मध्ये फुटपाथवर पाणी न धरणाऱ्या स्प्रेने कविता उमटवल्या, एरवी काही दिसत नाही, पाऊस पडला की भोवतीचं काँक्रीट काळं पडतं आणि अक्षरं कोरडी राहून दिसायला लागतात. आपल्याकडे फुटपाथच कुठाय म्हणशील. वाचनालयाच्या पायऱ्या आहेत ना.

बाकी इकडे बरं चाललंय, पोरगा ड्रायव्हिंग शिकतोय आणि माझं बीपी वाढतंय. तू एवढं कर, वर्षाचं बजेट किती आणि त्यातलं मानधनाला किती काढता येईल तो आकडा कळव, 'ब' वर्ग वाचनालयाला सरकारचं जे अनुदान मिळतं त्यात हे बसतं का तेही अकाउंटंटला विचारून ठेव, आणि अर्जाचा कच्चा मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर न टाकता मेल कर, शनिवारी रात्री बसून दुरुस्त करून पाठवते. पालकमंत्र्यांचं मात्र तूच बघ.

तुझी,
सुमी