पंचमीच्या समुद्राला पाऊण तास

महोदय,

मी एसटीत ३२ वर्षे वाहक होतो, त्यातली बहुतेक स्वारगेट आगारात. पेटी जमा केली तरी एक खोड राहिली आहे. प्रवासात असलो की खिशातल्या डायरीत वेळा टिपत बसतो. खाली दिलेल्या सगळ्या वेळा त्या डायरीतल्या आहेत.

माझी थोरली बहीण, आक्का, बार्शीला असते. वय ७४. पंढरपूर, तुळजापूर झाले, यात्रा कंपनीबरोबर काशीही झाली, पण समुद्र राहिला होता. दिवाळीनंतर आमच्याकडे राहायला आली तेव्हा म्हणाली, "गुडघे चालतायत तोवर एकदा दाखव बाबा." आमच्या घरी सासूबाई अंथरुणाला आहेत, त्यामुळे मुक्कामी जाता येत नाही. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, एक दिवस मी बघते. म्हणून पुण्यातल्या एका सहल कंपनीची रविवारची बस धरली. जाहिरातीत होते : 'एका दिवसात तीन किनारे. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. नाश्ता, घरगुती जेवण, गाईड, हरिहरेश्वरची समुद्रप्रदक्षिणा. पहाटे ५ ते रात्री १०.३०.' माणशी १,४५० रुपये. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण अशी जाहिरात करणारी ती एकटी नाही.

हिशेब खरे तर मलाच आधी करता आला असता. ताम्हिणीमार्गे दिवेआगर साधारण १६५ किलोमीटर, तिथून हरिहरेश्वर आणि मग परत पुणे, म्हणजे पावणेचारशेच्या पुढे धावणे. त्यातला निम्मा रस्ता घाटाचा, वळणांचा. अशा रस्त्याला मोठ्या गाडीची सरासरी ताशी ३५ धरली तरी ती उदार झाली. म्हणजे ११ तास नुसती चाके फिरणार. उरलेल्या साडेसहा तासांत ४४ माणसांचा चहा, नाश्ता, जेवण, दोन देवळे आणि तीन समुद्र. आक्काच्या हौसेपुढे मी पेन्सिल हातात घेतली नाही, ही माझी चूक.

स्वारगेटला गाडी ५ ऐवजी ५.३५ ला आली. डेक्कन, कोथरूड करत चांदणी चौक सोडला तेव्हा ६.५०. कोथरूडला दोन कुटुंबे 'आलोच, लिफ्टमध्ये आहोत' असे २० मिनिटे म्हणत होती. आमच्या वेळी डबल बेल मारून मोकळे झालो असतो. मुळशीच्या अलीकडे पोहे, ५० मिनिटे. ताम्हिणीत फोटोसाठी थांबा, सांगितला १० मिनिटांचा, झाला २५. गाईड म्हणजे विशी-बाविशीचा एक हसतमुख पोरगा. मुळशीचे पाणी दिसल्यावर त्याने माईकवरून 'सेल्फी पॉइंट'ची घोषणा केली. याच धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला होता, हे मागच्या सीटवरच्या एका निवृत्त शिक्षकांनी आपणहून दोन वाक्यांत सांगितले. माईक त्यांना मिळाला नाही.

माणगाव ११.१०. बसमध्ये २६ बायका. वाटेत एका हॉटेलात एकच संडास, त्याला कुलूप आणि किल्ली 'शेठकडे'. गाईड म्हणाला, "आता डायरेक्ट दिवेआगर." मी ड्रायव्हरला गाडी एसटी स्टँडाबाहेर कडेला घ्यायला लावली आणि बायकांना आत जाऊन या म्हटले. तिकीट वाटताना कधी कोणी मानले नसेल इतके आभार त्या दिवशी मानले. पाणी कमी प्यायचे ठरवून घरून निघणाऱ्या बायका मी नोकरीत रोज पाहत होतो. हौसेच्या सहलीतही त्यांनी घोट मोजून प्यावा, हे मात्र बरे वाटले नाही.

दिवेआगर १२.५०. सुवर्णगणेशाच्या देवळासमोर गाईडने सांगितले की हा मुखवटा 'शिवकाळात समुद्रातून वर आला'. हे साफ चूक आहे. तो १९९७ साली तिथल्याच एका नारळी-सुपारीच्या वाडीत, जमीन खणताना, तांब्याच्या पेटीत सापडला. २०१२ साली दरोडा पडला, देवळाचे दोन राखणदार त्यात मारले गेले, आणि चोरांनी सोने वितळवले. मिळालेल्या सोन्यातून नवा मुखवटा होऊन २०२१ च्या नोव्हेंबरात तो पुन्हा बसवला. दोन माणसांचा जीव गेलेल्या जागी उभे राहून दंतकथा सांगू नये. पोराचा दोष नाही, त्याला कोणी शिकवलेच नाही. त्या दिवशी गाडीत जागा मोजणे आणि माईकवर गाणी लावणे, एवढेच गाईडचे काम होते.

जेवण मात्र खरोखर घरगुती. १.२० ला बसलो. सोलकढी, वालाचे बिरडे, भात आणि सोमवार-चतुर्थी नसताना उकडीचे मोदक. वाढणाऱ्या काकूंच्या मागे वाडी दिसत होती. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात त्यांच्या वाडीतल्या पोफळी मधोमध मोडल्या. नव्या लावल्या आहेत. "पोफळ लावून लगेच का सुपारी मिळते? सहा-सात वर्षं नुसती शिंपायची," त्या म्हणाल्या. मोदकावर तूप घालताना हळूच म्हणाल्या, "तुमच्या या गाड्यांना नेहमीच घाई हो. मोदक गरम असतो तेव्हा माणसं उठलेली असतात." गाईड तेवढ्यात दारात टाळ्या वाजवत होता.

किनाऱ्यावर पोहोचलो २.४० ला. 'सव्वातीनला सगळे बसमध्ये', पुन्हा टाळ्या.

आदल्या दिवशी संकष्टी होती. म्हणजे रविवारी वद्य पंचमी, हे बसमधल्या निम्म्या बायकांना तोंडपाठ होते, कारण चंद्रोदय बघून उपास सोडला होता. किनाऱ्यावरच्या माणसाला तिथी कळली की भरती कळते. तिथीची पाऊणपट करायची. पाच तिथींचे पावणेचार. म्हणजे पंचमीला पूर्ण भरती पावणेचारच्या सुमारास, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. आणि तिथून सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. श्रीवर्धनच्या मुक्कामी गाड्या करताना तिथल्या एका कोळ्याने मला हे शिकवले होते. कंपनीच्या कचेरीत भिंतीवर कालनिर्णय असेल, नसेल असे होणार नाही. त्यात बघून कोणी एक गुणाकार केला नाही.

त्यामुळे आम्ही गेलो तेव्हा समुद्र चढत होता. दिवेआगरचा किनारा चारेक किलोमीटर लांब, आणि ओहोटीला इतका रुंद की सुरूच्या झाडांपासून पाण्यापर्यंत चालताना दम लागावा. आम्हाला मिळाली सुरूच्या बाजूची कोरडी पट्टी. तिच्यावर आमची बस, आणखी चार बसची माणसे, घोडागाड्या, बुढ्ढी के बाल. आक्काने चपला माझ्या हातात दिल्या, नऊवारीचा ओचा वर खोचला आणि पाण्यात जाऊन उभी राहिली. बोलली काही नाही. एक लाट गुडघ्यापर्यंत आली तेव्हा तिने पाण्याला हात लावून कपाळाला लावला. दहा-पंधरा मिनिटांनी मागे वळून मला विचारले, "पाणी मागं जातं म्हणतात. खाली शिंपले दिसतात. ते कधी?"

म्हटले, "पावणेचारनंतर उतरायला लागेल. पुरतं उतरायला रात्रीचे दहा."

"आणि आपण कधी जायचं?"

"सव्वातीनला."

"मग हे नुसतं येतंच राहणार व्हय?" असे म्हणून ती पुन्हा समोर बघू लागली. डायरीत नोंद आहे : किनाऱ्यावर एकूण ४३ मिनिटे. बार्शीहून आलेल्या माणसाला आयुष्यातला पहिला समुद्र ४३ मिनिटे मिळाला, आणि तोही अर्धाच.

भरडखोल, शेखाडीवरून श्रीवर्धनला जाणारा रस्ता फार सुरेख, उजव्या हाताला सतत समुद्र. त्यावर ड्रायव्हरने गाडी नीट, हळू चालवली, म्हणून तेवढा भाग मनासारखा झाला. श्रीवर्धन मात्र खिडकीतून. ज्या गावाहून बाळाजी विश्वनाथ घाटावर गेले आणि १७१३ साली पेशवे झाले, ते गाव पुण्याच्या माणसांनी बसमधून उतरल्याशिवाय पाहावे! 'उशीर झालाय' एवढे माईकवरून ऐकू आले. जाहिरातीतल्या तीन किनाऱ्यांपैकी एक असा संपला.

हरिहरेश्वर ५.१०. भरतीचा कळस होऊन दीड तासही झाला नव्हता. ज्यांनी ती प्रदक्षिणा केली आहे त्यांना ठाऊक आहे : देवळामागून चढायचे, दोन कड्यांच्या मधून पायऱ्या उतरायच्या आणि लाटांनी जाळी पाडलेल्या खडकांवरून डोंगराला वळसा घालायचा. ती ओहोटीतच करायची असते. भरतीला त्या खडकांवर पाणी आपटते आणि माणूस ओढून नेते. आम्ही पायऱ्यांच्या तोंडाशी पोहोचलो तेव्हा खालून फेस वर येत होता आणि एक स्थानिक गृहस्थ हात आडवे करून सगळ्यांना परत फिरवत होते. बरोबरच करत होते. तरी आमच्यातली दोन तरुण पोरे 'पैसे भरलेत' म्हणत चार पायऱ्या उतरलीच. माझा वाहकाचा आवाज अजून शिल्लक आहे, तो कामी आला. तारीख ठरवतानाच बघता आली असती अशी गोष्ट तिथे त्या अनोळखी माणसाच्या दोन हातांवर येऊन टेकली होती. गाईड म्हणाला, "आज नेमकी भरती आली." भरती नेमकी येत नसते, रोज दोनदा येते आणि दुसऱ्या दिवशी पाऊण तास उशिरा येते. आमच्या एकाही फेरीने इतकी वर्षे वेळ पाळलेली नाही.

आता परतीचे, आणि हे मला अधिक गंभीर वाटते. माणगावात रविवारी संध्याकाळी मुंबई-गोवा महामार्गावर काय होते ते सगळ्यांना माहीत आहे. तिथे दीड तास गेला. निजामपूर सोडले तेव्हा रात्रीचे १०.०५. ड्रायव्हर एकच, पहाटेपासूनचा. मागे सगळे झोपलेले. त्याची मान एकदा हलली ती मी आरशात पाहिली आणि उठून केबिनमध्ये जाऊन बसलो. घाटात रात्री ड्रायव्हरशी बोलत राहायचे, हे वाहकाला कोणी शिकवावे लागत नाही. बोलता बोलता कळले की आदल्या रात्री तो शिर्डी करून आला होता. मोटार परिवहन कामगारांचा १९६१ चा कायदा आहे. दिवसाचे काम आठ तास, फार लांबच्या मार्गाला थोडे अधिक, आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा पसारा १२ तासांच्या आत. त्या माणसाचे पुण्यात पोहोचेपर्यंत २० तास झाले. गावाकडची शेती, मुलीची बारावी, टायरचे भाव, जे सुचेल ते मी विचारत गेलो. ताम्हिणी उतरून पौड दिसले तेव्हा दोघांनीही एकदम पाणी मागितले.

स्वारगेट १.१०. शेजारच्या वहिनी आमच्या सोफ्यावर बसल्या बसल्या झोपल्या होत्या.

एकदिवसीय सहली बंद करा असे मी मुळीच म्हणत नाही. आमच्या गाडीत चार घरी पोळ्या करणाऱ्या दोघी जावा होत्या, त्यांना महिन्यात एकच रविवार मोकळा मिळतो. आमच्यासारखी घर सोडता न येणारी माणसे होती. अशांना समुद्र दाखवायचा तर दिवसभराचीच गाडी लागणार. पण मग ती एका किनाऱ्याची असू द्या. जाहिरातीत 'तीन किनारे' छापण्याऐवजी किनाऱ्यावर किती वाजता पोहोचणार, किती वेळ थांबणार आणि त्या दिवशी पूर्ण भरती किती वाजता, हे छापा. हरिहरेश्वर करायचे तर त्रयोदशी-चतुर्दशीच्या आसपासचा रविवार धरा, तेव्हा ओहोटी चार-साडेचारला असते. अष्टमीला ती दुपारी बाराला असते, मग जेवण नंतर ठेवा. दुसऱ्या ड्रायव्हरचे माणशी ५० रुपये वाढले तर ते मी देईन, बाकीचेही देतील. बायकांसाठी थांबा कुठे आहे हे निघण्यापूर्वी ठरवा, किल्ली कोणत्या शेठकडे आहे तेही विचारून ठेवा. आणि त्या पोराला एक दिवस दिवेआगरच्या काकूंकडे पाठवा. वादळाचे, पोफळींचे, मुखवट्याचे, सगळे तिथे ऐकायला मिळेल, गरम मोदकही.

कंपनीला मी हे सारे पत्राने कळवले. उत्तरादाखल फोनवर पुढच्या महिन्याची जाहिरात आली, त्याच तीन किनाऱ्यांची. मी तारीख बघून तिथी काढली. शुद्ध षष्ठी. पूर्ण भरती साडेचार.

आक्का बार्शीला परत गेली आहे. काल फोनवर म्हणाली, तिथल्या शेजारणीलाही समुद्र बघायचा आहे, तेव्हा त्रयोदशीला रविवार कधी येतो ते बघून ठेव. माझे पाने उलटणे चालू आहे.

– एक निवृत्त एसटी वाहक, पुणे