गणपतीला निघण्याआधी गाडी एकदा खालून बघून घ्या

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

श्रावण लागला की दरवर्षी पेपरात एक चौकट येते, गावी निघताना गाडीची काय काळजी घ्यावी म्हणून. त्यात टायरची हवा, वायपर, बॅटरी, कूलंट, कागदपत्रं, झालंच तर पीयूसी, असं सगळं असतं पण सस्पेंशनबद्दल, म्हणजे चाकं गाडीला जोडून धरणाऱ्या आणि हादरे झेलणाऱ्या पार्टबद्दल, एक अक्षर नसतं. मी चिपळूणात स्पेअर पार्टच्या काउंटरवर बसतो. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात मुंबई-ठाण्याच्या पासिंगच्या गाड्या दुकानासमोर लागायला लागल्या की त्यातल्या निम्म्या लोकांचं एकच वाक्य असतं, "पुढून खडखड येतोय, लिंक रॉड द्या." वायपर मागायला क्वचितच कोणी येतं. म्हणून म्हटलं या वेळी आपणच लिहावं.

मुंबई-गोवा हायवेचं रडगाणं मी गाणार नाही, ते सगळ्यांना पाठ आहे. २०११ पासून चौपदरीकरण चालू आहे, कशेडीला बोगदा झाला, बऱ्याच ठिकाणी मस्त काँक्रीट झालं, आणि खरी गोची तिथेच आहे. काँक्रीटवर ऐंशीने येणारी गाडी अचानक डायव्हर्जनला उतरते आणि तिथे पेव्हर ब्लॉक, खडी, पाण्याने भरलेला खड्डा, म्हणजे स्पीड कमी करायच्या आत पुढचं चाक आत गेलेलं असतं. आणि गावातले स्पीडब्रेकर तर विचारूच नका. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोल उंचवट्याचा स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि साधारण १० सेंटीमीटर उंच पाहिजे, पंचवीसच्या स्पीडने गाडी आरामात जाईल असा, आणि आमच्याकडे एका घमेल्यात मावेल एवढ्या डांबराचा उभा बांध घालून ठेवतात.

तर मुद्दा आवाजाचा. लोकांना वाटतं आवाज आला म्हणजे शॉकअप गेले. मग कुठल्यातरी गॅरेजवाल्याच्या नादाने दोन्ही शॉकअप बदलतात, दहा-बारा हजार जातात आणि दुसऱ्या दिवशी आवाज आहे तिथेच. थोडं लक्ष देऊन ऐकलं तर गाडी स्वतःच सांगते काय झालंय ते. स्पीडब्रेकर सरळ घेतला, दोन्ही चाकं एकदम चढली तेव्हा गप्प, पण तिरका घेतला की किंवा एकाच बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की टकटक, तर बहुतेक लिंक रॉड, ज्याला आमच्याकडे काही जण जंपिंग रॉड म्हणतात. कारण तो रॉड ज्या बारला जोडलेला असतो, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणाऱ्या बारला, त्याला दोन्ही चाकं वेगवेगळी हलली तरच काम असतं. ब्रेक दाबला की एकदाच खट्ट आणि गाडी जराशी एका बाजूला ओढते, तर लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचा, बुश (रबराचा सांधा). गाडी जागेवर उभी असताना स्टेअरिंग फिरवलं की टण्ण किंवा करकर, तर वरची स्ट्रट माउंटिंग बघा, म्हणजे शॉकअप वर जिथे गाडीला बसतो ती जागा. हे काही शंभर टक्के नाही, कधीकधी स्टेअरिंगचा रॅकपण असाच वाजतो आणि भल्याभल्यांना फसवतो, पण निदान शॉकअपचे पैसे तरी वाचतात.

आता यातला लिंक रॉड म्हणजे अगदी गरीब माणूस. तुटला तर वळणावर गाडी जास्त कलते, आवाज येतो, पण चाक जागेवर राहतं, सावकाश चालवत घरी जाता येतं. माझी झोप उडते ती बॉल जॉइंटने. लोअर आर्मच्या टोकाला असतो हा, आपल्या खांद्याच्या सांध्यासारखा, वाटीत गोळी, आणि त्याच्यावर अख्खं चाक डावी-उजवीकडे वळतं आणि वर-खाली होतं. त्याच्यावर रबराचं एक बूट असतं. ते बूट फाटलं की आतलं ग्रीस बाहेर, बाहेरचं पाणी आणि माती आत, आणि मग गोळी गंजत-घासत सैल होत जाते. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळूणात घुसलं तेव्हा शेकडो गाड्या बुडाल्या, लोकांनी इंजिन उघडलं, सीटा काढून वाळवल्या, वायरिंग बदललं, पण खालच्या बुटांत गाळ जाऊन बसलाय हे बघायला कोणाला सुचलं नाही, आणि त्यातल्या कितीतरी गाड्या नंतर सेकंडहँडमध्ये लांब लांब विकल्या गेल्या. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर आधी हेच बघा.

सैल झालेला बॉल जॉइंट बरेच महिने बारीक खटखट करत राहतो. आणि मग एक दिवस निसटतो, आणि शंभरच्या स्पीडलाच निसटतो असं नाही, बऱ्याचदा स्टेअरिंग पूर्ण कापलेलं असताना, हळू चालताना निसटतो. तसंच एक प्रकरण दोन वर्षांपूर्वी आमच्या इथून जवळच झालं. एक सहा-सात सीटर, आत म्हातारी माणसं, मांडीवर थर्माकोलचं मखर, हायवे सोडून गावाच्या रस्त्याला वळतानाच डावं पुढचं चाक बाहेर तोंड करून फेंडरखाली दुमडलं. ड्राइव्ह शाफ्ट गिअरबॉक्समधून उपसून आला, ऑइल रस्त्यावर, ब्रेकचा पाइप तारेसारखा ताणलेला. कोणाला खरचटलंसुद्धा नाही कारण स्पीड नव्हता. तोच अर्धा तास आधी भोस्ते घाटाच्या उतारावर असता तर काय झालं असतं ते लिहायला नको. मेकॅनिकने काढून आणलेला तो आर्म मी काउंटरवर हातात घेऊन बघितला, बूट नावाला शिल्लक, वाटी आतून लालभडक गंजलेली आणि कडेने घासून चकचकीत. एवढी झीज एका खड्ड्याने होत नाही. आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात त्याच महिन्यातलं व्हील अलाइनमेंटचं बिल होतं!

मला राग येतो तो या बिलाचा. बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड (स्टेअरिंगकडून चाक वळवणाऱ्या रॉडच्या टोकाचा सांधा) ढिला असताना अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे पाण्यात. मशीनवर आकडे हिरवे दिसतात आणि गाडी गेटबाहेर पडली की चाक परत वाटेल तिथे. तुमच्या टायरची आतली कड एकट्याने गुळगुळीत होत असेल तर अलाइनमेंटवाल्याला आधी म्हणा, बाबा खालून हलवून बघ, मग मशीन लाव.

हलवून बघायला लागतं काय, तर एक जॅक आणि पाच-दहा मिनिटं. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकाला दगड, आणि नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही हे आधी. पुढचं चाक उचलायचं, वर आणि खाली दोन हात धरून हलवायचं. खटखट लागली तर कोणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगायचं, ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा गेला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंटचा संशय. मग चाकाखाली टॉमी (लोखंडी पहार) घालून वर उचकायचं आणि जॉइंट वर-खाली होतोय का ते बघायचं. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ लागला तर टाय रॉड किंवा रॅक एंड. हे स्वतः करायचं नसेल तर रॅम्पवाल्याकडे जा, पण निघायच्या आदल्या दिवशी जाऊ नका, तेव्हा त्याच्याकडे आधीच पंधरा गाड्या असतात आणि तो "काय नाय साहेब, होईल जाऊन येऊन" म्हणतो.

आता आमच्या मेकॅनिक मंडळींबद्दल पण बोलायला हवं, त्यातले बरेच माझं गिऱ्हाईक आहेत, रागावतील तर रागावोत. लोअर आर्म बसवताना बुशचे बोल्ट गाडी हवेत असतानाच फुल टाइट करून टाकतात. असं केलं की गाडी खाली ठेवल्याक्षणी बुशचं रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि कायम तसंच राहतं, मग काही महिन्यांत फाटतं, आणि मग गिऱ्हाईक माझ्याकडे येऊन भांडतो, "तुमचा माल डुप्लिकेट." अहो, बोल्ट हाताला लागेपर्यंत आवळायचा, गाडी चाकांवर उतरवायची, वजन येऊ द्यायचं आणि मग फायनल टाइट, एवढंच आहे. लिंक रॉडला तर नट आवळायची मशीनची बंदूक लावतात, आतला स्टड सोबत गरागरा फिरतो आणि नवीन पार्टचं बूट बसवतानाच पिळवटतं. ॲलन कीने स्टड धरून पान्याने नट आवळायला दोन मिनिटं जास्त जातात. जुना नायलॉनचा नट परत वापरू नये, आणि जिथे नट सुटू नये म्हणून स्प्लिट पिन आहे तिथे ती घालावीच. भोक जुळत नाही म्हणून नट मागे सोडायचा नसतो, पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा असतो. डुप्लिकेट माल बाजारात नाही असं मी म्हणत नाही, भरपूर आहे, खोक्यावर नाव मोठ्या कंपनीचं आणि आत भलतंच, म्हणून पक्कं बिल मागा, जो बिल द्यायला कां-कूं करतो त्याच्याकडून चाकाचा पार्ट घेऊ नका.

सरकारबद्दल एकच सांगतो. टॅक्सी-टेम्पोला फिटनेसची तपासणी आहे, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी. आपल्या प्रायव्हेट गाडीचं रजिस्ट्रेशन एकदा झालं की १५ वर्षं, आणि त्या १५ वर्षांत तिचं पोट कोणी बघितलंच पाहिजे असा नियम नाही. पीयूसीवाला धूर बघतो, इन्शुरन्सवाला कागद बघतो. इंग्लंडमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी नावाची तपासणी करावी लागते आणि त्यात सस्पेंशन, स्टेअरिंग खालून हलवून बघतात, नापास तर नापास. आपल्याकडे लगेच दरवर्षी सक्ती करा असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण फिटनेसचं सर्टिफिकेट कुठे कुठे कसं मिळतं ते आपण सगळे जाणतो. पण गणपतीत हायवेवर सुविधा केंद्रं उभारतात ना, चहा, प्रथमोपचार, गाडी दुरुस्ती सगळं असतं, मग तेच मेकॅनिक आठवडाभर आधी ठाणे, पनवेल, बोरिवली इथे बसवा आणि टोलमाफीचा पास घ्यायला येणाऱ्या गाड्या दहा मिनिटं रॅम्पवर घ्या. नाहीतरी पासासाठी लोक रांगा लावतातच.

भरपाईच्या भरवशावर तर राहूच नका. मुंबई हायकोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे जीव गेला तर ६ लाख आणि जखमी झाल्यास ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यायला सांगितलं, चांगलंच झालं, पण तो निकाल माणसांसाठी आहे, तुमच्या लोअर आर्मसाठी नाही. इन्शुरन्स अपघाताचं नुकसान देतो, झीज देत नाही, झिरो डेप (घसारा न कापणारी पॉलिसी) नसेल तर रबराच्या पार्टचे निम्मे पैसे कापतो, आणि एका छोट्या क्लेमपायी नो क्लेम बोनस जातो तो वेगळाच.

आणि वाटेत तुटलंच तर? लिंक रॉड तुटून लोंबत असेल तर काढून डिकीत टाका आणि वळणं सांभाळत या. स्प्रिंग तुटली असेल तर टायरला टेकतेय का ते आधी बघा, टेकत असेल तर टायर फाटतो, गाडी हलवू नका. बॉल जॉइंट निसटला किंवा आर्मला तडा गेला तर दोरी बांधून ओढू नका, प्लॅटफॉर्मवाली क्रेन बोलवा, तीन-चार हजार गेले तरी चालतील. रस्त्याकडेला कोणी म्हणेल "वेल्ड मारून देतो, मुंबईपर्यंत काय होत नाय", त्याला हात जोडून नको म्हणा. आर्मला किंवा बॉल जॉइंटला वेल्डिंग चालत नाही, वरून कितीही पक्कं दिसलं तरी तापल्यामुळे बाजूचा पत्रा कमजोर होतो आणि पुढच्या घाटात तिथूनच सुटतो.

साहेब, पत्र लांबलंय याची कल्पना आहे. जागा कमी असेल तर स्पीडब्रेकरचं आणि माझ्या भांडणांचं कापा, वेल्डिंगचं तेवढं राहू द्या.

आपला,
एक स्पेअर पार्टवाला, चिपळूण