शॉक उघडतो किती विचारता, मिटतो किती तेही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळी जीपभ्रमंतीवर पानभर मजकूर आला होता. फोटो देखणा होता. उंच केलेली जिप्सी, मागचं एक चाक हवेत आणि दुसरं पार मडगार्डात शिरलेलं. माझी नजर त्या शिरलेल्या चाकाच्या आत गेली. शॉकअप नवे, लांब. चासीखालचं बंप रबर, म्हणजे चाक फार वर येऊ लागलं की धक्का झेलणारा रबरी ठोकळा, मात्र कंपनीचंच, होतं तिथंच. राहवेना, म्हणून हे पत्र.

मी लष्कराच्या ईएमईत, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, 22 वर्षं गाड्यांचा मेकॅनिक होतो. आधी जोंगा ही लष्करी जीप, मग जिप्सी. निवृत्त झाल्यावर पाटणजवळ गॅरेज टाकलं. लष्कराच्या लिलावातून सुटलेल्या जिप्सी हौसेनं घेणारी पोरं आमच्या भागात पुष्कळ आहेत. घेतली की पहिलं काम म्हणजे ती उंच करणं. त्यांच्या हौसेला माझा विरोध नाही. उंची वाढवणं कायद्यात कितपत बसतं, हे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निकाल पाहून ज्यानं त्यानं आधी ठरवावं. मला सांगायचं आहे ते त्या उंच गाडीत बसणाऱ्या माणसांच्या जिवाबद्दल.

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा गाडी टोचन करून घेऊन आला. शहरातल्या एका दुकानात त्यानं जिप्सी 2 इंच उंच करून घेतली होती आणि लांब शॉकअपही तिथूनच टाकले होते. महिनाभर एकटा फिरला, काही झालं नाही. मग चार मित्र आणि सामान घेऊन कोयनानगरच्या पुढे गेला. एका चरात मागचं चाक आदळलं आणि हातोडा मारल्यासारखा आवाज झाला. पाहतो तर उजव्या शॉकचा वरचा ब्रॅकेट चासीच्या पत्र्यासकट फाटला होता. शॉक खोलून हातात घेतला. नळीवर तेल आणि लाल मातीचा राडा झालेला, दांडा फिरवला तर लंगडत फिरत होता. मग मी बॅटरी घेऊन बंप रबर पाहिलं. त्याच्या टोकावरची साच्याची बारीक शिवण अजून शाबूत होती. म्हणजे हाऊसिंग, दोन चाकांना जोडणाऱ्या आसाचं लोखंडी कवच, त्या रबराला एकदाही शिवलं नव्हतं. जो मार रबरानं खायचा, तो महिनाभर शॉक खात होता.

शॉकचं काम वजन पेलण्याचं नाही. गाडीचं वजन पेलतात ते पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. त्यांची उसळी तेलातून जिरवायची, एवढंच शॉकचं काम. तो पूर्ण मिटला, म्हणजे दबून सगळ्यात आखूड झाला, की आतला पिस्टन तळाच्या झडपेवर आपटतो आणि गाडीचं सगळं ओझं टोकांच्या दोन रबरी बुशांवर आणि एका ब्रॅकेटवर येतं. तसं होण्याआधी हाऊसिंग रबरावर टेकलं पाहिजे. रबर दबत दबत हळूहळू कडक होतं, म्हणून धक्का मऊ लागतो आणि पाटाही उलटा वाकून तडकत नाही. शॉक आणि रबर ही जोडी आहे. एक बदललं की दुसरं मोजावंच लागतं.

आम्ही मोजलं ते सांगतो. आकडे त्या एका गाडीचे आहेत, आपल्या गाडीला तेच लागू होतील असं समजू नये. पाट्यांचा जुडगा खोलून नुसता मेन पाटा ठेवला आणि रबर पुरतं दबेपर्यंत जॅकनं हाऊसिंग वर घेतलं. शॉकच्या वरच्या पिनपासून खालच्या पिनपर्यंत टेप लावला, 12 इंच भरले. कंपनीचा जुना शॉक 11 इंचांपर्यंत मिटायचा, म्हणजे एक इंच हातात राखून होता. नवा शॉक 13 इंचांवरच मिटून बसत होता. रबराचं काम पुरं व्हायच्या एक इंच आधीच शॉक संपत होता. उघडायला जुना 18 आणि नवा 21. भाच्यानं तीन इंच जास्त उघडतो म्हणून पैसे मोजले. पण जुन्याची चाल, म्हणजे उघडण्या-मिटण्यातलं अंतर, 7 इंच होती, नव्याची 8. एका इंचासाठी चासी फाटली.

हे मला फार लागतं. दुकानात गेलेला प्रत्येक जण विचारतो, शॉक उघडतो किती? मिटतो किती, हे कुणी विचारत नाही आणि विकणाराही सांगत नाही.

मग रबर खाली आणायचं ठरलं. निदान अर्धा इंच राखायचा तर दीड इंच, म्हणजे 12 सूत (आठ सुतांचा एक इंच). पण दोन्ही चाकं सारखी वर आली तरच हा हिशेब खरा. डोंगरात एक चाक दगडावर असतं आणि दुसरं खड्ड्यात लोंबतं. या गाडीत रबर आतल्या अंगाला आहे आणि शॉक बाहेरच्या. हाऊसिंग तिरकं झालं की ते रबरावर टेकून कलतं आणि बाहेरचा शॉक आणखी मिटतो. एका बाजूला जॅक लावून पाहिलं तर आणखी तीन सूत मिटला. राखलेल्या चार सुतांतलं एकच उरलं. म्हणून चासी आणि रबराच्या मध्ये 14 सुतांचा लोखंडी तुकडा घातला. शॉक जास्त तिरका बसत असेल तर हा हिशेब असा सरळ लागत नाही, तेव्हा कागदावर न मांडता टेप गाडीवरच लावावा.

यात तोटाही आहे, तो लपवू नये. गाडी 2 इंच वर गेली आणि रबर पावणेदोन इंच खाली आलं. चाकाला वर जायला पूर्वीपेक्षा पाव इंचच जास्त मिळाला. ऐकून भाचा खट्टू झाला. त्याला म्हटलं, बाबा, पुढच्या वेळी 12 इंचांच्या आत मिटणारा शॉक शोध, भले तो थोडा कमी उघडू दे. मोठे टायर टाकणाऱ्यांना तर रबर खाली घेणं चुकतच नाही, कारण टायर मडगार्डला घासण्याआधी चाक थांबवतं ते रबरच.

लोंबणाऱ्या बाजूचंही पाहावं. त्याच गाडीत शॉक पूर्ण उघडायच्या आधीच पुढच्या ब्रेकचा रबरी पाइप तारेसारखा ताणला जात होता. तो आम्ही लांब टाकला. उतारावर हा पाइप तुटला तर काय होईल, हे मी लिहायला नको.

जुळणी झाली की रबराच्या टोकाला ओला खडू फासावा. शॉकचा दांडा उघडा असेल तर त्याला एक केबल टाय गच्च बांधावा. मागे माणसं बसवून गाडी हळूहळू चरातून न्यावी. हाऊसिंगवर खडूचा पांढरा ठसा उठला आणि टाय दांड्याच्या वरच्या टोकाला न भिडता अलीकडेच थांबला, तर जुळणी बरोबर. ठसा नाही आणि टाय टोकाला भिडलेला, तर गाडी परत जॅकवर घ्यावी. रिकाम्या गाडीत यातलं काही कळत नाही.

भरलेल्या गाडीचं मी पुन्हा पुन्हा सांगतो, त्याला कारण आहे. जुलै 2021 मध्ये आमच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या. त्या दिवसांत मी माझ्या जिप्सीतून धान्य आणि ताडपत्र्या वाहिल्या, परत येताना म्हातारी माणसं खाली आणली. मागे सहा जण बसले होते, पाटे पार सपाट झाले होते आणि दर खड्ड्यात रबर टेकत होतं. तेव्हा ते रबर नसतं तर काय, हा विचार अजून मनातून जात नाही. हौसेनं उंच केलेल्या गाड्यांवर अशी वेळ आमच्याकडे कधीही येते.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. शॉकअप विकणाऱ्यांनी खोक्यावर उघडलेली आणि मिटलेली, अशा दोन्ही लांब्या इंचांत ठळक छापाव्यात. आणि आपण पुढच्या वेळी हवेतल्या चाकाचा फोटो छापाल तेव्हा शेजारी छोट्या चौकटीत हे मोजमापही छापावं. आमच्या भागातल्या कुणाला आपली गाडी तपासून घ्यायची असेल तर मी टेप लावून मोजून देईन, पैसे घेणार नाही. फक्त येताना गाडी रिकामी आणू नका, माणसं घेऊन या.

आपला,
एक निवृत्त हवालदार (ईएमई), पाटण, जि. सातारा