डॉक्टर मॅडम, हिरडी बरी झाली

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

दातांवर नव्या कॅप बसवून तुमच्या खुर्चीतून उठले तेव्हा गळा दाटून आला होता, नीट आभारही मानता आले नाहीत. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण 'वयामुळे होतं' म्हणत हिरडीतलं रक्त अंगावर काढणारे माझ्यासारखे पुष्कळ असतील.

चार वर्षांपूर्वी दुसरीकडे समोरच्या दोन दातांना कॅप बसवल्या होत्या. सहा महिन्यांतच कडेची हिरडी जांभळट होऊन फुगली. पेरू चावला की फोडीवर रक्ताचा डाग. वर्गात शिकवतानाही हात ओठांकडे जायचा. पेस्ट बदलली, तुरटीच्या गुळण्या केल्या, दोनदा दात साफ करून घेतले. पंधरा दिवस बरं, की पुन्हा तेच.

तुमच्याकडे आले ती 'लेझरने हिरडी कापून द्या' म्हणतच. तुम्ही खुणांची बारीक सळई घालून मोजलंत, एक्स-रे काढलात आणि कागदावर चित्र काढलंत. हाडाच्या वर दाताला धरून राहायला हिरडीला साधारण २ मिलिमीटर जागा लागते. कॅप त्या जागेत घुसली असती तर हाड घासावं लागलं असतं, आणि तुमचा डायोड लेझर फक्त मऊ हिरडी कापणारा, तो हाडाला चालत नाही. माझी जागा शाबूत होती. पण कॅपची कड खोल आणि खडबडीत, तिथे घाण साचत होती. कड तशीच ठेवून नुसतं मांस कापलं तर ते परत वाढणार, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

मग जुन्या कॅप काढून गुळगुळीत तात्पुरत्या बसवल्यात. तीन आठवड्यांत एका दाताची हिरडी आपोआप बसली. लेझर लागला तो फक्त दुसऱ्याला. दोन्हींचे पैसे घेतले असते तरी मला कळलं नसतं, मॅडम. हे मी विसरणार नाही.

जळक्या केसांसारखा वास येईल हे आधीच बजावलं होतंत, त्यामुळे तो आला तेव्हा घाबरले नाही. भूल दिलेली, डोळ्यांवर रंगीत चष्मा. रक्त तिथल्या तिथे थिजलं, टाकाही पडला नाही. तोंडातलं पाणी ओढणारी नळी धरणाऱ्या मदतनीस ताईंनी दुसरा हात सारा वेळ माझ्या खांद्यावर ठेवला होता. तिसऱ्या दिवशी जागा पिवळट दिसली. पू झाला असं वाटून रात्री फोटो पाठवला, तर साडेदहाला तुमचा फोन: जखम भरताना असंच दिसतं, झोपा आता.

नव्या कॅपचं माप घ्यायला सहा आठवडे थांबवलंत, हिरडी आपल्या जागी ठरेपर्यंत. पुतणीच्या लग्नात तात्पुरत्या कॅप घालून जावं लागलं म्हणून मी तुमच्यावर चिडले होते. माफ करा.

दातांच्या फटीतला छोटा ब्रश रोज रात्री फिरवते. दिवाळीनंतर तपासणीला येईन तेव्हा ताईंसाठी आणि तुमच्यासाठी घरच्या करंज्या आणते.

तुमची कृतज्ञ,
सातारा जिल्ह्यातली एक शिक्षिका